लाकीचा धूर कुठवर गेला?

आजची गोष्ट फार लांबची आहे, आइसलँड नावाच्या बेटाची. युरोपच्या वर, उत्तरेकडच्या थंड समुद्रात हे बेट आहे. तिथे झाडं थोडी, शेती त्याहून थोडी. लोक जगायचे ते मेंढ्या, गाई आणि समुद्रातली मासळी यांच्या जिवावर. उन्हाळ्यात गवत कापायचं, वाळवायचं, साठवायचं आणि त्यावर जनावरांचा लांबलचक हिवाळा काढायचा. म्हणजे गवत गेलं की सगळंच गेलं. दुभतं जनावर दारात असलेल्या बाईला हे वेगळं सांगायला नको.

साल 1783. आपल्याकडे तेव्हा पुण्याला नऊ वर्षांचे सवाई माधवराव पेशवे होते आणि कारभार नाना फडणवीस पाहत होते. 8 जूनला, रविवारी, आइसलँडच्या दक्षिण भागातले लोक सणाचा दिवस म्हणून प्रार्थनेला निघायच्या गडबडीत होते. सकाळी नवाच्या सुमारास उत्तरेच्या डोंगरांमागून एक काळा ढग वर आला. बघता बघता तो डोक्यावर पसरला, घरात अंधार झाला आणि बाहेर राख पडू लागली.

ज्वालामुखी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे चित्रातला टोकदार डोंगर येतो. हा तसा नव्हता. लाकी नावाच्या टेकडीच्या दोन्ही बाजूंनी जमीनच उसवत गेली, शिवण उसवावी तशी. 27 किलोमीटर लांब भेग आणि तिच्यावर शंभराहून जास्त तोंडं. 7 फेब्रुवारी 1784 पर्यंत, म्हणजे आठ महिने, ही भेग थांबून थांबून वाहत राहिली. सुमारे 600 चौरस किलोमीटर जमीन तापल्या रसाखाली गेली. आपला सह्याद्री, आपला काळा कातळ, ज्यात अजिंठा-वेरूळची लेणी कोरली आहेत, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी असाच भेगांमधून थरावर थर बाहेर आला. फक्त तो इतका प्रचंड होता की लाकी त्यापुढे किरकोळ ठरावी. तेव्हा आपल्या इथे माणूस नव्हता. लाकीच्या वेळी माणूस होता, आणि तो लिहिणारा होता.

योन स्टाइनग्रिमसन हे त्या भागातले धर्मगुरू. थोडंफार वैद्यकी जाणणारे. आग कुठल्या दिवशी कुठल्या दिशेला दिसली, वारा कुठून होता, पाऊस कसा पडला, गवताला काय झालं, हे त्यांनी लिहून ठेवलं. 20 जुलैला त्यांनी चर्चमध्ये घेतलेली प्रार्थना आइसलँडमध्ये आजही सांगितली जाते. लाव्हा गावाकडे येत होता, लोकांना वाटलं ही इथली शेवटची प्रार्थना. बाहेर येऊन पाहतात तो रस थबकलेला. लोकांनी त्यांना ‘अग्नीचा धर्मगुरू’ म्हणायला सुरुवात केली. मला मात्र त्या प्रार्थनेपेक्षा त्यांची वही मोठी वाटते. का, ते पुढे येईलच.

लाव्हा दिसतो, त्याच्यापुढून पळता येतं. माणसं मेली ती त्याच्याबरोबर आलेल्या वायूंनी. मुख्य वायू गंधकाचा, सल्फर डायऑक्साइड. पेटलेल्या काडीचा जो झणझणीत वास नाकाला झोंबतो ना, तो. दुसरा फ्लोरिनचा. तो राखेला चिकटून गवतावर बसला आणि मेंढ्यांनी ते गवत खाल्लं. योन लिहितात की जनावरांच्या बरगड्यांवर, पायांवर, सांध्यांवर गाठी आल्या. माणसांनाही तसंच झालं, हिरड्या सुजल्या. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या बायांना यातलं काही ओळखीचं वाटेल. तिथल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, मुलांचे दात पिवळे-तपकिरी पडतात, मोठ्यांची हाडं आखडतात. विष तेच. इथे ते खडकातून हळूहळू पाण्यात उतरतं, तिथे एका उन्हाळ्यात आकाशातून पडलं.

पाच मेंढ्यांतल्या चार मेल्या. गाई आणि घोडे निम्मे गेले. मग दूध नाही, मटण नाही, लोकर नाही. भुकेनं आणि आजारानं पुढच्या दोन-तीन वर्षांत दर पाच माणसांतलं एक गेलं, सगळी मिळून नऊ हजारांच्या आसपास. आइसलँडची माणसं या काळाला ‘धुक्याचा दुष्काळ’ अशा अर्थाच्या नावानं ओळखतात. योन यांची बायको थोरुन 1784 मध्ये गेली. पुढे त्यांनी आपलं आयुष्य लिहिलं, ते मुलींसाठी.

आता गोष्ट बेटाबाहेर जाते. आणि इथे एक कोडं आहे, तुम्हीच विचार करून बघा. त्या जूनमध्ये युरोपभर एक विचित्र कोरडं धुकं पसरलं. ते कुठे कधी दिसलं याच्या नोंदी आहेत. प्राग शहरात 17 जूनला, बर्लिनला 18 ला, पॅरिसला 20 ला आणि इंग्लंडमध्ये 22 च्या पुढे. नकाशावर बघितलं तर या सगळ्यांत आइसलँडला जवळचं आहे इंग्लंड. मग जवळच्या घरी धूर सगळ्यांत शेवटी आणि लांबच्या घरी आधी, हे कसं?

तेव्हा कुणाला हे कोडं पडलंच नाही, कारण धूर आइसलँडचा आहे हेच माहीत नव्हतं. तार नव्हती, बातमी जहाजानं जायची. लोकांना दिसत होतं ते इतकंच की भर दुपारी सूर्याकडे नुसत्या डोळ्यांनी बघता येतंय, तो चंद्रासारखा फिका आहे, सकाळ-संध्याकाळ रक्तासारखा लाल. इंग्लंडच्या सेलबोर्न गावात गिल्बर्ट व्हाइट नावाचे पाद्री रोजची हवा, पक्षी, झाडं यांची टिपणं ठेवायचे. त्यांनी लिहिलंय की मारलेल्या जनावराचं मांस दुसऱ्या दिवशी खाववेना, इतकं ते लवकर नासत होतं. शेतात राबणारी माणसं खोकून, धापा टाकून आडवी पडू लागली. चर्चच्या दफनाच्या नोंदवह्या तपासून पुढे क्लेअर विदम या संशोधक बाई आणि त्यांचे सहकारी यांनी हिशेब मांडला. त्या उन्हाळ्यात आणि पुढच्या हिवाळ्यात एकट्या इंग्लंडमध्ये नेहमीपेक्षा सुमारे 20 हजार माणसं जास्त मेली. पण सगळ्याचं खापर धुरावर फोडता येत नाही. तो उन्हाळा कडक तापला, हिवाळा कडक गोठला आणि साथही होती.

दोघांचा अंदाज मात्र बरोबर दिशेनं गेला. फ्रान्सच्या मोंपेलिये शहरात मूर्ग द मोंत्रेदों यांनी ऑगस्टमध्येच हे धुकं आइसलँडच्या ज्वालामुखीशी जोडलं. दुसरे बेंजामिन फ्रँकलिन, अमेरिकेचे वकील म्हणून तेव्हा पॅरिसजवळ राहणारे. 1784 मध्ये त्यांनी मांडलं की धुक्यानं ऊन अडवलं, जमीन तापली नाही, म्हणून पुढचा हिवाळा एवढा कडक झाला. धुक्याचं कारण उल्का असेल किंवा आइसलँडचा ज्वालामुखी, असं ते म्हणाले. ज्वालामुखीचं नाव त्यांनी चुकीचं घेतलं, हेक्लाचं. पण ढगाआडून ऊन कमी येतं तसं धुरामुळे सगळ्या मुलखाचं ऊन कमी होऊ शकतं, हा विचार मोठा होता.

विचार आणि हिशेब यांत दीडशे वर्षांचं अंतर पडलं. धूर कुठे जाईल, किती दाट असेल, हे आकड्यांत कसं मांडायचं?

चुलीचाच धूर घ्या. तीन गोष्टी लागतात. किती निघतो, किती उंच चढतो आणि वारा कुठे नेतो. पण एवढ्यानं भागत नाही. थंडीतल्या पहाटे धूर गावावर चादरीसारखा पसरून राहतो, वर जातच नाही, हे आपण बघतो. तोच धूर दुपारी उन्हात वर जाऊन कुठे विरतो कळत नाही. कारण रात्री जमीन गार पडते, जमिनीलगतची हवाही गार आणि जड होते आणि तिच्यावर उबदार हवेचं झाकण बसतं. दुपारी जमीन तापली की हवा खालीवर घुसळते, रवी फिरवल्यासारखी. म्हणजे धूर किती पातळ होणार हे त्या घुसळणीवर ठरतं. ही घुसळण मोजणं हेच खरं अवघड काम.

ते काम पुढे ढकललं ते युद्धानं, हे सांगायला बरं वाटत नाही, पण खरं आहे. पहिल्या महायुद्धात सैन्यांनी एकमेकांवर विषारी वायू सोडला. वायू सोडायचा तर वारा कळला पाहिजे. म्हणून इंग्लंडमध्ये पोर्टन नावाच्या ठिकाणी 1921 पासून लष्करानं वायू हवेत कसा पसरतो याचा अभ्यास बसवला. त्याच काळात लुइस फ्राय रिचर्डसन नावाचे गणिती होते. धर्मानं क्वेकर, म्हणजे शस्त्र हाती न धरणारे. महायुद्धात ते फ्रान्समध्ये जखमी सैनिकांची गाडी चालवत होते आणि मधल्या वेळात कागदावर हवामानाचं गणित सोडवत होते. कल्पना अशी, की आकाशाचे रांगोळीच्या घरांसारखे चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनातली हवा शेजारच्या चौकोनात किती जाते ते मांडायचं आणि तासातासानं पुढे सरकायचं. 1922 मध्ये त्यांनी यावर पुस्तक काढलं. हातानं गणित करायला हजारो माणसं लागतील, हेही त्यांनीच लिहून ठेवलं. मग त्यांना कळलं की वरच्या हवेच्या त्यांच्या अभ्यासाला सर्वांत जास्त गिऱ्हाईक आहे ते विषारी वायूवाल्यांचं. त्यांनी ते काम थांबवलं आणि जे छापलं नव्हतं ते नष्ट करून टाकलं. हे जगाला कळलं ते त्यांच्या पत्नी डोरथी यांच्यामुळे.

पुढे पोर्टनमध्येच काम केलेल्या फ्रँक पास्क्विल यांनी 1961 मध्ये एक सोपी रीत दिली. वारा किती, ऊन किती, रात्री आभाळ झाकलेलं की मोकळं, एवढंच बघा आणि हवेचे सहा वर्ग करा. पहिल्या वर्गात भरपूर घुसळण, सहाव्यात हवा निपचित. वर्ग ठरला की धूर किती अंतरावर किती रुंद होतो याचे आकडे तयार. कारखान्यांची धुराडी किती उंच बांधायची, हे पुढे जगभर याच रीतीनं ठरू लागलं.

ही रीत काही किलोमीटरपुरती, बऱ्यापैकी सपाट जमिनीवर, आणि हवेइतक्याच हलक्या धुरासाठी चालते. जड वायू हवेसारखा वागत नाही, तो पाण्यासारखा वाहतो. आफ्रिकेतल्या कॅमेरून देशात न्योस नावाचं तळं आहे, जुन्या ज्वालामुखीच्या तोंडात साठलेलं. 21 ऑगस्ट 1986 च्या रात्री त्याच्या तळाशी विरघळलेला कार्बन डायऑक्साइड एकदम उसळून बाहेर आला आणि ओढ्या-नाल्यांच्या वाटेनं खालच्या वस्त्यांत शिरला. सतराशेवर माणसं झोपेत गेली, हजारो गुरं गेली. उंचावरच्या वस्त्या वाचल्या. आपल्याकडे जुन्या विहिरीत किंवा धान्याच्या पेवात उतरण्याआधी कंदील सोडून बघायची रीत होती, ती याच वायूसाठी. अशा ठिकाणी वाऱ्यापेक्षा जमिनीचा उतार मांडावा लागतो.

आता परत लाकीकडे. हजारो किलोमीटरचा हिशेब करायला रिचर्डसन यांचे चौकोन हवेत आणि ते भरायला संगणक हवेत. ते आले. 1986 मध्येच तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या युक्रेनमध्ये चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली, किरणोत्सारी धूळ युरोपभर गेली. त्यानंतर ब्रिटनच्या हवामान खात्यानं एक संगणकी रीत तयार केली. त्यात संगणकातल्या हवेत लाखो कल्पित कण सोडायचे आणि एकेक कण वाऱ्याबरोबर कुठे जातो ते बघायचं. मळणीत वारं सुटल्यावर कोंडा कुठवर उडाला बघतो तसं. 2010 मध्ये आइसलँडच्याच दुसऱ्या ज्वालामुखीची राख उडाली आणि युरोपची विमानं सहा दिवस जमिनीवर बसली, तेव्हा राखेचे नकाशे याच रीतीनं निघत होते.

पण लाकीचा वायू किती होता हे दोनशे वर्षांनी कसं कळणार? याचं उत्तर मला सगळ्यांत आवडतं. थोर्डार्सन नावाच्या आइसलँडच्या भूशास्त्रज्ञानं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लाव्हातले बारीक स्फटिक तपासले. काही स्फटिकांच्या पोटात मूळ रसाचे इवलेसे थेंब काचेसारखे अडकून पडले होते. त्यांतला गंधक बाहेर निसटलेला नव्हता. बाहेरच्या गोठलेल्या लाव्हातला मात्र उडून गेलेला. दूध किती होतं आणि खवा किती उरला हे कळलं की वाफ किती उडाली ते सांगता येतं, तसंच हे. उत्तर आलं 12 कोटी टनांच्या आसपास. आणि कुठल्या आठवड्यात किती निघाला? त्यासाठी उघडली योन यांची वही. तिच्या आधारानं उद्रेकाचे दहा टप्पे वेगळे करता आले. संगणकाला लागणारी वेळापत्रकं त्या माणसानं राखेत बसून लिहून ठेवली होती.

त्यातून आधीचं कोडंही सुटतं. धूर जमिनीवरून सरळ चालत गेला नाही. प्रत्येक टप्प्याच्या सुरुवातीला वायू नऊ ते तेरा किलोमीटर उंच गेला. तिथे पश्चिमेकडून पूर्वेला वाहणारा जोराचा वारा आहे, त्यानं तो इंग्लंडवरून, वरच्यावर, पुढे नेला. त्या महिन्यात युरोपवर जड हवेचा मोठा दाब बसलेला होता. अशा दाबात हवा गोल फिरत खाली बसते. म्हणून धूर लांब जाऊन उतरला, आणि मग मागे फिरून पसरला.

आपल्यापर्यंत काही आलं का? अमेरिकेतल्या काही शास्त्रज्ञांनी 2006 मध्ये लाकीचा उद्रेक संगणकातल्या हवामानात घालून बघितला. उत्तरेकडची जमीन गार पडली आणि आफ्रिका व भारताचा मोसमी पाऊस दुबळा झाला, असं त्यात निघालं. मोसमी पाऊस येतो तोच जमीन तापते आणि समुद्र त्या मानानं गार राहतो म्हणून. तापणं कमी झालं की ओढ कमी. नाईल नदीचं पाणी त्या वर्षी खरोखरच फार खाली गेलं होतं आणि इजिप्तमध्ये दुष्काळ पडला होता, त्यामुळे हिशेबाला आधार मिळाला. आपल्याकडे 1783-84 मध्ये उत्तर हिंदुस्थानात मोठा दुष्काळ पडला. विक्रम संवत 1840 होतं म्हणून लोक त्याला ‘चालिसा’ म्हणत. तो लाकीमुळे, असं मी म्हणणार नाही. पाऊस आधीच्या वर्षीच बिघडलेला होता आणि राज्यांच्या लढायांनी गावं खिळखिळी झाली होती. दुष्काळाला एकच बाप नसतो.

असा उद्रेक आज झाला तर? आन्या श्मिट या शास्त्रज्ञ बाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 मध्ये हे मांडून बघितलं. एका वर्षात युरोपमध्ये श्वासाच्या आणि हृदयाच्या विकारांनी सुमारे 1 लाख 42 हजार माणसं जास्त मरतील, असा आकडा आला. त्यानंतर ब्रिटननं राष्ट्रीय संकटांच्या यादीत अशा भेगेच्या उद्रेकाची भर घातली.

2014 मध्ये परीक्षेची वेळ आली. आइसलँडमध्येच होलुहराउन इथे तशीच भेग उघडली. लाकीच्या मानानं लहान, पण सहा महिने वाहिली. या वेळी हवामान खातं रोज नकाशा काढायचं, आज वायू कुठल्या गावाकडे जाईल त्याचा. दारं-खिडक्या लावा, दम्याच्या माणसांनी घरात बसा, अशा सूचना फोनवर जायच्या. लाकीसारखा अनर्थ या वेळी झाला नाही.

पण एक गोष्ट नकाशातून निसटली. नकाशा होता सल्फर डायऑक्साइड वायूचा. हा वायू एक-दोन दिवस हवेत राहिला की त्याचे बारीक आम्लाचे कण होतात, मग तो वायू म्हणून मापात येत नाही. सप्टेंबरमध्ये आइसलँडहून निघालेला धूर ब्रिटन-युरोपच्या बाजूला गेला आणि वारा फिरल्यावर कण होऊन परत घरी आला. येव्हगेनिया इलिन्स्काया यांच्या गटानं हे मागाहून शोधून काढलं. मग हान्न क्रागे कार्लसन यांच्या गटानं राजधानी रेक्याविकच्या दवाखान्यांच्या आणि औषध दुकानांच्या नोंदी काढल्या. असा जुना धूर शहरावर आला त्या दिवसांत छातीच्या तक्रारी घेऊन डॉक्टरकडे जाणारे आणि दम्याची औषधं नेणारे लोक सुमारे पाचव्या हिश्श्यानं वाढले होते. त्या दिवसांत शहराला घरात बसा अशी सूचना गेलेली नव्हती, कारण ज्याचा नकाशा काढत होते तो वायू शहराच्या हवेत कमीच होता.